पोर्ट स्कॅन ओळखायचा कसा? घरच्या आणि लहान ऑफिसातल्या संगणकासाठी

अँटिव्हायरस कोपऱ्यात लाल चौकट दाखवतो: "पोर्ट स्कॅनिंग अटॅक अडवला". खाली एक आयपी पत्ता असतो. ती पाहून कुणी घाईघाईने राउटर बंद करतं, कुणी "असेल काहीतरी" म्हणत चौकट मिटवून टाकतं. माझी विनंती आहे, आधी तो पत्ता कागदावर लिहून घ्या आणि शेजारी वेळ लिहा. पुढचं सगळं काम या दोन नोंदींवर चालतं.

हा लेख नेटवर्किंग न शिकलेल्या माणसासाठी आहे. विंडोज १० किंवा ११ चा संगणक, फायबरचं कनेक्शन, एखादा वाय-फाय प्रिंटर आणि कदाचित सीसीटीव्हीचा डीव्हीआर, एवढं गृहीत धरलं आहे. लिनक्सवाल्यांसाठी मध्ये एक परिच्छेद आहे. मेनूंची आणि कमांडची नावं इथे देवनागरीत दिली असली तरी स्क्रीनवर ती इंग्रजीत दिसतील आणि टाईपही इंग्रजीतच करायची.

स्कॅनमध्ये काय घडतं

संगणकाचा आयपी पत्ता म्हणजे चाळीचा पत्ता धरला, तर पोर्ट म्हणजे खोली क्रमांक. या चाळीत ६५,५३५ खोल्या आहेत आणि त्यातल्या मोजक्याच खोल्यांत कुणी राहतं. पोर्ट स्कॅन करणारा गॅलरीतून चालत एकेका दाराची कडी हलवून बघतो: उघडं कुठलं, बंद कुठलं, आत माणूस कुठे आहे.

प्रत्यक्षात ही कडी म्हणजे टीसीपीचं (दोन संगणकांनी जोडणी करून बोलायची पद्धत) "सिन" नावाचं छोटं पॅकेट. ते एखाद्या पोर्टवर आलं आणि तिथे कुठला प्रोग्राम ऐकत बसला असेल, तर संगणक "सिन-ॲक" असं उत्तर देतो. कुणी नसेल तर "रिसेट" पाठवतो. फायरवॉलने (येणारी-जाणारी पॅकेटं तपासून अडवणारा पहारेकरी) पॅकेट गिळलं तर काहीच उत्तर जात नाही. स्कॅन करणाऱ्याला या तीन उत्तरांतून हवी ती माहिती मिळते, त्यामुळे तो पुढचं तिसरं पॅकेट पाठवून जोडणी पूर्ण करायच्या फंदात पडत नाही. जोडणी पूर्णच होत नसल्याने त्या पोर्टवरच्या प्रोग्रामला कुणी येऊन गेल्याचं बऱ्याचदा कळतही नाही. म्हणून स्कॅनचा माग प्रोग्रामच्या नोंदींत शोधण्यात वेळ घालवू नका. तो फायरवॉलच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, सापडतो.

आधी दिशा, मग बाकी सगळं

नवशिका माणूस विचारतो, "हा पत्ता कुठल्या देशातला?" माझ्या मते पहिला प्रश्न तो नाहीच. स्कॅन कुठून कुठे चाललाय, हा पहिला प्रश्न. दिशा तीन असतात आणि तिन्हींचं गांभीर्य अगदी वेगळं आहे.

बाहेरून आत येणारा स्कॅन हा इंटरनेटचा रोजचा गलका आहे. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली झीमॅप हे साधन आणलं, तेव्हाच एका गिगाबिट कनेक्शनवरून जगातले सगळे आयपीव्ही-४ (जुन्या पद्धतीचे) पत्ते एका पोर्टसाठी ४५ मिनिटांच्या आत तपासून होत होते. शोडान हे शोधयंत्र तर २००९ पासून जगभरची उघडी पोर्टं गोळा करतं आहे. सेन्सिस आणि शॅडोसर्व्हर हेही अशीच पाहणी नियमित करतात. यांच्या जोडीला चोरट्यांचे बॉट (आपोआप चालणारे प्रोग्राम) असतातच. थेट इंटरनेटला जोडलेल्या प्रत्येक यंत्राची दिवसभर अशी चाचपणी होत राहते. तुमचं नाव शोधत कुणी आलेलं नसतं.

घरातल्या किंवा ऑफिसातल्या एका यंत्राकडून दुसऱ्याकडे जाणारा स्कॅन मात्र कधीही दुर्लक्षित करू नये. आणि तुमच्या स्वतःच्या संगणकाकडून बाहेर जाणारा स्कॅन म्हणजे संगणक दुसऱ्या कुणाच्या तरी ताब्यात गेल्याची दाट शक्यता.

पायरी १: तुम्ही इंटरनेटवर दिसता का?

कमांड प्रॉम्प्ट उघडून "आयपीकॉन्फिग" टाईप करा. आयपीव्ही-४ पत्ता बहुधा १९२.१६८ ने सुरू होईल, क्वचित १० ने, किंवा १७२.१६ ते १७२.३१ यांच्या मधला असेल. हे सगळे खासगी पत्ते आहेत. बाहेरच्या जगाला ते थेट गाठता येत नाहीत. "डीफॉल्ट गेटवे" समोर दिसतो तो राउटरचा पत्ता. तोही लिहून ठेवा, थोड्या वेळात लागेल.

आता राउटरच्या पानावर लॉगिन करून "वॅन आयपी" (राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता) बघा आणि गूगलवर स्वतःचा आयपी शोधून दोन्हींची तुलना करा. सारखे असतील तर तुमच्या राउटरला सार्वजनिक पत्ता मिळाला आहे. वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान असेल, तर कंपनीने तुम्हाला इतर अनेक ग्राहकांसोबत एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवलं आहे. याला सीजीनॅट म्हणतात. अशा कनेक्शनवर आयपीव्ही-४ चा बाहेरचा स्कॅन तुमच्यापर्यंत सहसा पोचतच नाही. त्यामुळे चौकटीत परदेशी पत्ता दिसला, तरी ते बहुतेक वेळा तुम्हीच उघडलेल्या एखाद्या संकेतस्थळाचं उशिरा आलेलं उत्तर असतं.

आयपीव्ही-६ ची, म्हणजे नव्या पद्धतीच्या पत्त्यांची, गोष्ट वेगळी आहे. तिथे घरातल्या प्रत्येक यंत्राला जगभरातून गाठता येण्याजोगा पत्ता मिळू शकतो. आयपीव्ही-६ मध्ये पत्ते इतके अफाट आहेत की आंधळेपणाने सगळे चाचपणं शक्य नाही, पण राउटरवर आयपीव्ही-६ ची फायरवॉल चालू आहे याची खात्री करून घ्याच.

पायरी २: लॉग चालू करा

विंडोजची फायरवॉल पॅकेटं अडवते, पण अडवल्याची फाईल आपणहून लिहीत नाही. ते सुरू करावं लागतं.

स्टार्टमध्ये "विंडोज डिफेंडर फायरवॉल विथ ॲडव्हान्स्ड सिक्युरिटी" शोधा आणि ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. डावीकडच्या सगळ्यात वरच्या ओळीवर उजवं क्लिक करून "प्रॉपर्टीज" निवडा. तिथे डोमेन, प्रायव्हेट, पब्लिक असे तीन टॅब आहेत. प्रत्येकात "लॉगिंग" समोरच्या "कस्टमाइझ" वर जा आणि "लॉग ड्रॉप्ड पॅकेट्स" ला "येस" करा. फाईलची मर्यादा मुळात ४,०९६ केबी असते. ती ३२,७६७ केबीपर्यंत वाढवता येते. वाढवाच, नाहीतर गजबजलेल्या नेटवर्कवर जुन्या ओळी लवकर पुसल्या जातात. "लॉग सक्सेसफुल कनेक्शन्स" सध्या बंद राहू द्या. ते चालू केलंत तर कामाच्या ओळी गर्दीत हरवतील.

लॉगची फाईल विंडोज फोल्डरमधल्या सिस्टिम३२, त्यातल्या लॉगफाईल्स, त्यातल्या फायरवॉल या फोल्डरात "पीफायरवॉल डॉट लॉग" नावाने तयार होते. तिथल्या तिथे उघडायला गेलात तर परवानगी मागते, म्हणून डेस्कटॉपवर कॉपी करून ती प्रत उघडा.

उबुंटू लिनक्स वापरत असाल तर यूएफडब्ल्यू ही त्यातली फायरवॉल चालू करून "सुडो यूएफडब्ल्यू लॉगिंग ऑन" ही कमांड द्या. अडवलेली पॅकेटं "यूएफडब्ल्यू ब्लॉक" हे शब्द असलेल्या ओळींत दिसतील. फार गर्दी झाली की यूएफडब्ल्यू काही ओळी गाळतो, त्यामुळे तिथे दिसणारा आकडा हा किमान आकडा समजा.

तुमचा अँटिव्हायरस स्वतःची फायरवॉल बसवत असेल, तर विंडोजची फाईल रिकामी राहू शकते. मग लॉग त्या अँटिव्हायरसच्या रिपोर्ट्समध्ये शोधावा लागेल.

पायरी ३: स्वतःवरच एक स्कॅन करून बघा

ही पायरी कुणी सांगत नाही आणि शिकायला हिच्याइतकी उपयोगी दुसरी नाही. खरा स्कॅन लॉगमध्ये कसा दिसतो हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुढे फसगत होत नाही.

घरातल्या दुसऱ्या लॅपटॉपवर एनमॅप हा पोर्ट स्कॅन करणारा प्रोग्राम बसवा. गॉर्डन लायन यांनी "फ्योदोर" या टोपणनावाने सप्टेंबर १९९७ मध्ये ते प्रसिद्ध केलं; ते मोफत आहे आणि सुरक्षेचं काम करणारे लोक आजही तेच वापरतात. त्याच्या झेनमॅप या खिडकीत पहिल्या संगणकाचा खासगी पत्ता टाका आणि साधा स्कॅन चालवा. फक्त स्वतःच्या मालकीच्या यंत्रांवर हे करायचं. ऑफिसात असाल तर आधी लेखी परवानगी घ्या.

आता पहिल्या संगणकाचा लॉग उघडा. ओळींत क्रमाने तारीख, वेळ, "ड्रॉप" हा शब्द, टीसीपी की यूडीपी (आधी जोडणी न करता पाठवायची पद्धत), पाठवणाऱ्याचा पत्ता, तुमचा पत्ता, पाठवणाऱ्याचं पोर्ट, तुमचं पोर्ट, आकार आणि पुढे टीसीपीची चिन्हं अशी माहिती असते. ओळीच्या शेवटाकडे "रिसीव्ह" किंवा "सेंड" असतं. दिशा कळते ती तिथून.

एनमॅप सांगितलं नसेल तर सर्वाधिक वापरातली १,००० पोर्टं तपासतो. पण ती १, २, ३ अशा क्रमाने येत नाहीत. तो क्रम मुद्दाम विस्कटतो. चढत्या क्रमाने आकडे दिसले तरच स्कॅन, असं समजणारे इथेच चुकतात. खऱ्या खुणा वेगळ्या आहेत. पाठवणारा पत्ता एकच, तुमच्या पोर्टचा आकडा मात्र प्रत्येक ओळीत नवा. चिन्हांच्या रकान्यात "एस", म्हणजे फक्त सिन. सिन स्कॅन असेल तर पाठवणाऱ्याचं पोर्टही जवळजवळ प्रत्येक ओळीत तेच, आणि टीसीपी विंडोच्या रकान्यात १०२४. नेहमीचे ब्राउझर किंवा ॲप प्रत्येक नव्या जोडणीला नवं पोर्ट घेतात आणि त्यांची विंडो याहून बरीच मोठी असते.

पायरी ४: लॉग वाचायचा

फाईल एक्सेलमध्ये घ्या, "टेक्स्ट टू कॉलम्स" ने रिकाम्या जागेवर तोडा आणि पिव्हट टेबल करा: ओळींत पाठवणारा पत्ता आणि त्याखाली तुमचं पोर्ट. कुठल्या पत्त्याने किती वेगवेगळ्या पोर्टांवर हात लावला ते समोर येतं. माझा ढोबळ हिशेब असा: एका मिनिटात एकाच पत्त्याकडून पंधरा-वीस वेगवेगळ्या पोर्टांवर सिन आलं, तर तो स्कॅन धरून चालायचं.

संथ स्कॅन या हिशेबातून निसटतो. एनमॅपच्या सगळ्यात संथ गतीत दोन पॅकेटांमध्ये ५ मिनिटांचं अंतर असतं. म्हणून मिनिटांचं गणित झालं की पूर्ण दिवसाचं आणि आठवड्याचं पिव्हटही काढा. पाच-सहा ओळींनी दुर्लक्ष होईल असा पत्ता आठवड्यात साठ वेगवेगळ्या पोर्टांवर येऊन गेलेला दिसतो.

कधी उलट चित्र असतं: पोर्ट एकच, पण तेच पॅकेट घरातल्या सगळ्या यंत्रांना. एका संगणकाच्या लॉगमध्ये याची एखादीच ओळ दिसेल, म्हणून शक्य असेल तर दोन-तीन संगणकांचे लॉग शेजारी ठेवा. पोर्टचा आकडा शोधणाऱ्याचा हेतू सांगतो. २२ म्हणजे एसएसएच, दुरून यंत्रात लॉगिन करायची सोय. २३ आणि २३२३ म्हणजे टेलनेट, त्याच कामाची जुनी सोय. २०१६ साली मिराई या बॉटनेटने (बाधित यंत्रांच्या फौजेने) कॅमेरे आणि डीव्हीआर याच पोर्टांवरून काबीज केले. ४४५ म्हणजे विंडोजचं फाईल शेअरिंग, ज्यावरून मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला. ३३८९ म्हणजे रिमोट डेस्कटॉप, ५५५५ म्हणजे अँड्रॉइडचं डीबगिंग. ८००० आणि ३७७७७ ही हिकव्हिजन आणि दाहुआ यांच्या डीव्हीआरची पोर्टं.

फिन, पुश आणि अर्जंट ही तिन्ही चिन्हं एकत्र असलेलं, किंवा एकही चिन्ह नसलेलं टीसीपी पॅकेट दिसलं तर शंका ठेवू नका. नेहमीच्या कामात अशी पॅकेटं तयार होत नाहीत.

ज्यांना घाबरायचं कारण नाही

सगळ्यात जास्त खोटे इशारे राउटरच्या नावाने येतात. पत्ता पायरी १ मध्ये लिहिलेल्या गेटवेचाच असेल, प्रोटोकॉल यूडीपी असेल आणि पाठवणाऱ्याचं पोर्ट ५३ असेल, तर ती डीएनएसची (संकेतस्थळाच्या नावावरून आयपी पत्ता सांगणारी सेवा) उशिरा आलेली उत्तरं आहेत. ब्राउझरने एका पानासाठी वीस नावं विचारली, राउटरने ती उशिरा दिली, तोवर संगणकाने वाट पाहणं सोडलं. वेगवेगळ्या मोठ्या पोर्टांवर आलेली ही वीस उत्तरं अँटिव्हायरसला स्कॅनसारखी वाटतात. पाठवणाऱ्याचं पोर्ट ४४३ आणि चिन्हांत ॲक, फिन किंवा रिसेट असेल, तर तेही संकेतस्थळाचं उरलंसुरलं उत्तरच. नुसतं सिन आहे की उत्तराचं चिन्ह आहे, एवढं पाहिलं तरी निम्मी भीती जाते.

टीव्ही, प्रिंटर, फोन हे एकमेकांना शोधण्यासाठी १९००, ५३५३, ५३५५, १३७, १३८ या यूडीपी पोर्टांवर सतत हाका मारत असतात. काही राउटर "होम सिक्युरिटी" सारख्या सोयीखाली घरातली यंत्रं स्वतःच तपासतात. हे खरे स्कॅन असतात, पण तुम्हीच चालू केलेले. राउटरच्या सेटिंगमध्ये सोय बंद करून इशारा थांबतो का ते बघा.

कधी स्कॅन ब्राउझरच्या आतूनही होतो. मे २०२० मध्ये लक्षात आलं की ईबेचं संकेतस्थळ विंडोजवर पाहणाऱ्यांच्या संगणकातली ३३८९, ५९०० अशी रिमोट ॲक्सेसची पोर्टं स्क्रिप्टने तपासत होतं. फसवणूक ओळखण्यासाठी ते केलं जात होतं, तरी पाहणाऱ्याला न सांगता केलं जात होतं आणि मला ते गैर वाटतं. अशा वेळी पत्ता १२७.०.०.१, म्हणजे संगणक स्वतःच, असा दिसतो.

इथे मात्र थांबा

पत्ता १९२.१६८ चा आहे, राउटरचा नाही, आणि सिन पॅकेटं ४४५, ३३८९, २२ अशा पोर्टांवर येताहेत. राउटरच्या "कनेक्टेड डिव्हाइसेस" यादीत तो पत्ता कुणाचा ते शोधा. घरात कुणी एनमॅपसारखं काही चालवत नसेल, तर ते यंत्र ताबडतोब वाय-फायवरून काढा किंवा केबल उपसा. वॉनाक्रायने हेच केलं होतं: एका संगणकात शिरला की शेजारच्या संगणकांचं ४४५ चाचपत सुटायचा. मायक्रोसॉफ्टने त्यावरचं अपडेट मार्च २०१७ मध्येच दिलं होतं. ज्यांनी ते टाकलं नव्हतं ते सापडले.

दुसरी खूण आपल्याच संगणकातली. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून "नेटस्टॅट" आणि त्यापुढे जागा सोडून उणे चिन्हासह "एएनओ" द्या. ओळीमागून ओळ "सिन सेंट" अवस्थेत, सगळ्यांचं पोर्ट एकच आणि पत्ते निरनिराळे, असं दिसलं तर तुमचा संगणक इतरांना स्कॅन करतो आहे. शेवटच्या रकान्यातला पीआयडी (प्रोग्रामचा क्रमांक) टिपून टास्क मॅनेजरच्या "डिटेल्स" मध्ये तो प्रोग्राम कुठला ते बघा, फोटो काढा, नेट तोडा आणि मायक्रोसॉफ्ट डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन चालवा. पासवर्ड बदला, पण दुसऱ्या स्वच्छ यंत्रावरून.

तिसरी खूण म्हणजे स्कॅननंतर आलेलं खरं पाऊल. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये "सिक्युरिटी" लॉग उघडून ४६२५ हा क्रमांक गाळून घ्या. हा फसलेल्या लॉगिनचा क्रमांक आहे. स्कॅनच्या वेळेनंतर थोड्याच वेळात अशा नोंदींची रांग लागली असेल, तर कुणीतरी उघडं पोर्ट शोधून आता पासवर्ड लावून बघतो आहे.

मग करायचं काय

येणाऱ्या प्रत्येक पत्त्याला ब्लॉक करत बसणं वाया जातं. उद्या नवा पत्ता येतो. उघडं काय आहे ते आवरा. रिसोर्स मॉनिटर उघडा, "नेटवर्क" टॅबमध्ये "लिसनिंग पोर्ट्स" बघा. कुठला प्रोग्राम कुठल्या पोर्टवर बसलाय आणि फायरवॉल त्याला परवानगी देते का, दोन्ही तिथे दिसतं. ओळखीचं नसेल ते काढा.

राउटरवर "पोर्ट फॉरवर्डिंग" ची यादी बघायला विसरू नका. आपल्याकडे लहान ऑफिसांत ही यादी भरलेली सापडते: मोबाइलवर कॅमेरा दिसावा म्हणून सीसीटीव्ही बसवणाऱ्याने डीव्हीआर उघडलेला, घरून टॅली करता यावी म्हणून ३३८९ उघडलेलं. ज्याने केलं तो निघून गेला आणि पोर्ट वर्षानुवर्षं उघडं. रिमोट डेस्कटॉप थेट इंटरनेटवर कधीच ठेवू नका, व्हीपीएनमागे (लॉगिन करून आत यायच्या खासगी वाटेमागे) घ्या. ३३८९ बदलून दुसरा आकडा दिल्याने फारसं काही साधत नाही, स्कॅनरला तो सापडतो. राउटरवरचं यूपीएनपी (यंत्रांना आपणहून पोर्ट उघडू देणारी सोय) बंद करा आणि डीव्हीआरचा मुळातला पासवर्ड आजच बदला.

समोरच्या पत्त्यावर उलट स्कॅन करू नका. तो पत्ता बहुधा तुमच्यासारख्याच कुणाच्या तरी बाधित राउटरचा असतो, आणि परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रात हात घालणं तुम्हालाच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कचाट्यात नेऊ शकतं.

कंपनी किंवा संस्था चालवत असाल तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश वाचा. महत्त्वाच्या यंत्रणांवर लक्ष्य करून केलेला स्कॅन त्यातल्या घटनांच्या यादीत पहिलाच आहे, आणि लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणं बंधनकारक आहे. लॉगची प्रत, वेळ आणि दोन्हीकडचे पत्ते हाताशी ठेवा. घरगुती वापरात पैसे किंवा खातं गेलं असेल तर १९३० वर फोन करा. बॉट काढण्याची मोफत साधनं सर्ट-इनच्याच सायबर स्वच्छता केंद्राकडे मिळतात.

सगळं आवरल्यावर बाहेरून एकदा तपासा. स्टीव्ह गिब्सन यांच्या जीआरसी संकेतस्थळावर शील्ड्सअप नावाची मोफत चाचणी आहे. ती तुमच्या सार्वजनिक पत्त्याची पहिली १,०५६ पोर्टं बघते. सीजीनॅट असेल तर ती कंपनीचा पत्ता तपासेल, तुमचा नाही. "स्टेल्थ" (काहीच उत्तर नाही) आणि "क्लोज्ड" (पोर्ट बंद) दोन्ही चालतात. ३३८९ आणि ३७७७७ या पहिल्या १,०५६ च्या बाहेर पडतात, तेव्हा ती तिथल्याच मोकळ्या चौकटीत वेगळी टाकून तपासा. "ओपन" आलं, तर राउटरच्या पोर्ट फॉरवर्डिंगच्या यादीकडे परत.